शेडच्या चाव्या नंतर, आधी वही

वाळूजहून एका वाचकाचं सात पानी पत्र आलंय. त्याचा मजकूर थोडक्यात असा:

"मी ४१ वर्षांचा, मूळ धारूर तालुक्यातला. आईवडील ऊसतोडीला जायचे. मी आयटीआय टर्नर करून वाळूजला आलो, गेली १८ वर्षं एकाच शेडमध्ये आहे, आता सुपरवायझर. आम्ही कायम २४ जण आणि गुत्तेदाराची नऊ पोरं. दुचाकीचे बुश, पिना, स्पेसर बनवतो. ऐंशी टक्के माल एकाच मोठ्या कंपनीला जातो. साहेब ६९ वर्षांचे. मुलगा परदेशात, मुलगी पुण्यात, दोघांनाही यात रस नाही. यंदा खंडेनवमीला मशिनींची पूजा झाल्यावर साहेब म्हणाले, 'मला आता होत नाही. बाहेरच्याला विकलं तर तो मशिनी उचलून नेईल. त्यापेक्षा तुम्हीच घ्या. एक कोटी दहा लाख द्या, जागा भाड्यानं देतो.' प्रत्येकानं पीएफ काढून साडेचार लाख घातले तर जमतं. बायको ठाम नाही म्हणते. ती वस्तीतल्या बचत गटाची सचिव आहे. वडील म्हणतात, 'मुकादमाची उचल फेडता फेडता आमचं आयुष्य गेलं, आता तू कर्ज काढून मालक होणार?' सोबतचे म्हणतात, संस्था काढली की चेअरमनच मालक होतो. काय करावं? आणि सगळेच मालक झाले तर कुणी कुणाचं ऐकायचं?"

भाऊ, घ्या किंवा घेऊ नका हे मी आज सांगणार नाही. तुम्ही नेमकं काय विकत घेताय, हे तुम्हालाच अजून माहीत नाही. साहेबांनी आकडा सांगितला आणि तुम्ही त्याला चोवीसनं भागलं, एवढंच झालंय. सात पानांत ताळेबंद हा शब्द एकदाही आलेला नाही.

तरी विचार वेडगळ नाही, हे आधी सांगतो. कॉफी बोर्डानं आपली कॉफी हाऊस बंद करायला घेतली तेव्हा ए. के. गोपालन यांच्या पुढाकारानं वेटर-स्वयंपाक्यांनी १९५७ मध्ये सहकारी संस्था काढल्या, आणि इंडियन कॉफी हाऊस आजही चालू आहेत. लिज्जतचं तर घरोघरी माहीत आहे: १९५९, गिरगावातल्या सात बायका, ऐंशी रुपये उसने. तिथं पापड लाटणारी प्रत्येक बहीण सहमालक असते. तुमच्या धंद्याच्या जवळचं उदाहरण कुर्ल्याच्या कमानी ट्यूब्सचं आहे. मालक घराण्यातल्या भांडणांत कारखाना १९८५ ला बंद पडला. कामगारांच्या युनियननंच पुन्हा चालवायची योजना मांडली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९८८ मध्ये कारखाना कामगारांच्या सहकारी संस्थेच्या ताब्यात आला. तांब्या-पितळेच्या नळ्या पुन्हा निघायला लागल्या. काही वर्षं बरी गेली. मग खेळत्या भांडवलाची चणचण आणि आपसातली तेढ, दोन्ही एकदम अंगावर आली आणि गाडी घसरली. कमानीचं नाव मी मुद्दाम घेतोय, पुढे लागणार आहे.

तुमचे सोबती चेअरमनबद्दल म्हणतात ते खोटं नाही, पण त्यात एक गफलत आहे. आपल्याकडे सहकार म्हटलं की डोळ्यांसमोर येतो साखर कारखाना. त्याचे मालक कोण? ऊस घालणारे शेतकरी. आत बॉयलरवर घाम गाळणारा पगारी नोकर. आणि ऊस तोडणारा तर कारखान्याच्या कुठल्याच वहीत नाही, तो मुकादमाच्या वहीत. तिथंही नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, तुमच्या आईचं वेगळं नाव नाही. तेव्हा जे बिघडलं ते मालाच्या मालकांचं राज्य होतं. राबणाऱ्यांच्या मालकीचा प्रयोग मराठवाड्यात फारसा कुणी केलाच नाही.

फारसा म्हणालो, कारण मजूर सहकारी संस्था आहेत. त्यांचं मी माझ्याच तोंडानं सांगतो. मी सहकारी संस्थांचं लेखापरीक्षण करण्यात उमेदीची वर्षं घालवली. एका तालुक्यात अशी एक संस्था माझ्याकडे होती. कागद लख्ख. एकतीस सभासद, प्रोसिडिंग बुकात दर सभेला एकतीस सह्या-अंगठे, 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे' इथपासून 'आयत्या वेळचे विषय' इथपर्यंत सगळं एकाच निळ्या शाईत. दिवाळीच्या सुमाराला मोंढ्यात हळद साफ करणारी एक म्हातारी भेटली. नावावरून लक्षात आलं, ही आपल्या यादीतली सतरा नंबरची. विचारलं, मावशी, तुम्ही मजूर सोसायटीच्या सभासद ना? ती सूप खाली ठेवून म्हणाली, "म्हंजी काय अस्तं, साहेब?" तिच्या नावावर रस्त्याची कामं निघत होती. कामं करणारा, बिलं काढणारा एकच गुत्तेदार, आणि त्याचा मेहुणा चेअरमन. मी अहवालात शेरा मारला. पुढच्या वर्षीही तोच शेरा मारला. सहा वर्षं मी ते हिशेब तपासले आणि एकदाही एकतीस जणांना एकत्र बसवून वाचून दाखवले नाहीत. माझ्या कामात ते बसत नाही, असं मी तेव्हा स्वतःला सांगायचो.

म्हणून माझं सांगणं एकच आहे, आणि ते तुमच्या घरातूनच आलेलं आहे. वहिनींचा बचत गट कसा चालतो ते बघा. महिन्याच्या ठरल्या तारखेला सगळ्या बसतात. वही मोठ्यानं वाचली जाते. कुणाची बचत आली, कुणाचा हप्ता राहिला, व्याज किती जमा, उशिरा आलेलीला दंड किती, बँकेत शिल्लक किती. लिहिता न येणारीलाही आपला आकडा तोंडपाठ असतो, आणि चुकला तर ती भर सभेत बोलते. तुम्ही चोवीस जण दहावी-आयटीआय झालेले आहात. तुमच्यापैकी एकाला तरी माहीत आहे का, मागच्या महिन्यात शेडचं लाइट बिल किती आलं?

तर साहेबांकडे जा आणि चाव्यांच्या आधी वही मागा. तीन वर्षांचे ताळेबंद आणि जीएसटीची विवरणपत्रं. बँकेची सीसी, म्हणजे धंद्याचं फिरतं कर्ज, किती उचललेली आहे आणि कुठली मशीन कुणाकडे गहाण आहे. वीज, पाणी, कर यांची थकबाकी. पीएफचा भरणा तर तुम्ही प्रत्येक जण आपल्या मोबाइलवर पासबुक उघडून आज रात्रीच तपासू शकता, त्याला साहेबांची परवानगी नको. भूखंड एमआयडीसीचा असेल, तर नुसता भाड्यानं द्यायलाही त्यांची परवानगी लागते, तो कागद कुणी काढायचा तेही विचारा. साहेब भला माणूस आहे यात शंका नाही. भल्या माणसाचीही बेरीज चुकते.

आता एक रक्कम अशी आहे जी तुमच्या हिशेबात आलीच नाही: तुमची ग्रॅच्युइटी. नियम साधा आहे, वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, महिना सव्वीस दिवसांचा धरून. तुमचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १८,००० असेल तर १८ वर्षांचे सुमारे १ लाख ८७ हजार होतात. चोवीस जणांचे मिळून तीस लाखांच्या पुढे सहज जातील. हे साहेबांचं तुम्हाला देणं आहे. तुम्ही चालू धंदा तुमच्या जुन्या नोकरीच्या वर्षांसकट उचललात, तर ते देणंही तुमच्याच डोक्यावर येईल, म्हणजे स्वतःचेच पैसे स्वतःला द्यायचे. मग एक कोटी दहा लाखांतून ते वजा व्हायला नकोत का? हा प्रश्न भांडणाच्या सुरात विचारू नका, पण विचारा.

पीएफबद्दल मी वडिलांच्या बाजूनं आहे. तो पैसा काढायचा नाही. उचल म्हणजे काय असतं? उद्याची मजुरी आज घेऊन बांधून घेणं. पीएफ काढून मशिनी घेणं म्हणजे म्हातारपणाची मजुरी आज घेऊन बांधून घेणं. धंदा बुडाला तर एकाच दिवशी नोकरी आणि पुंजी, दोन्ही जातात. प्रत्येकानं दोन, फार तर तीन पगारांइतकी रक्कम घालावी, तीही हप्त्यानं. बाकी पैसा शेडनं स्वतः कमवून साहेबांना द्यायचा. पाच-सहा वर्षांचे हप्ते, आणि करारात स्पष्ट वाक्य: हप्ते थकले तर मशिनी परत जातील, कुणाच्या घरादाराला हात लागणार नाही. साहेबांना खरोखर तुम्हालाच द्यायचं असेल तर ते याला तयार होतील. नाही झाले, तर तेही कळलेलं बरं.

वही हातात आली की दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी शिफ्ट सुटल्यावर अर्धा तास बसा. सुरुवात ताळेबंदानं करू नका, लोक झोपतात. एक बुश हातात घ्या. फळ्यावर लिहा. उदाहरणासाठी आकडे माझे धरा, तुमचे तुम्ही घाला: बुशला मिळतात चौदा रुपये. त्यात स्टीलचा बार ८ रुपये ४० पैसे, मजुरी २ रुपये ३०, वीज ९० पैसे, प्लेटिंग ८० पैसे, इन्सर्ट म्हणजे मशिनीतलं कापायचं पातं ६० पैसे, टेम्पो ३० पैसे. बेरीज १३ रुपये ३०. उरले सत्तर पैसे. आता तो बुश गेजमध्ये न बसता रिजेक्टच्या लाल पेटीत टाका आणि विचारा, किती गेलं? कुणीतरी म्हणेल सत्तर पैसे. नाही. गेले तेरा रुपये तीस पैसे, म्हणजे एकोणीस चांगल्या बुशांचा नफा. स्क्रॅपवाला त्यातले थोडे परत देईल, ते सोडा. मी पैजेवर सांगतो, त्या दिवशी जो हेल्पर इतकी वर्षं गप्प होता तो विचारील, "मग आपण तो बोथट इन्सर्ट शेवटपर्यंत का रेटतो?" सभेत हा प्रश्न आला की तुमची कामगार मालकी सुरू झाली असं समजा. शेअर सर्टिफिकेट छापायला अजून वर्ष लागलं तरी चालेल.

ऐंशी टक्के माल एकाच कंपनीला जातो, हे तुम्ही ओझरतं लिहिलंय. मला रात्री झोप लागली नसती. उद्या त्यांच्या परचेसच्या माणसानं व्हेंडर कोड, म्हणजे पुरवठादाराची नोंद, तुमच्या नावानं बदलून द्यायला नकार दिला तर तुम्ही चोवीस जण भंगाराचे मालक. करारावर सही करण्याआधी साहेबांना सोबत घेऊन त्या कंपनीत जा आणि ऑर्डर चालू राहील असं लेखी आणा. पैशाचं चक्रही बघा. स्टीलचा बार पुरवणारा पंधरा दिवसांत पैसे मागतो, कंपनी साठ-सत्तर दिवसांनी देते. मधले दीड-दोन महिने कोण पोसतं? आज साहेबांची सीसी आणि साहेबांची पत. ती पत त्यांच्यासोबत घरी जाणार आहे. लघुउद्योगाचे पैसे ४५ दिवसांत दिलेच पाहिजेत असं २००६ चा कायदा सांगतो, पण एकच गिऱ्हाईक असलेला माणूस कायद्यावर बोट ठेवत नाही. कमानीचं नाव यासाठीच घेतलं होतं. मशिनी मिळवणं सोपं असतं हो. महिनाअखेरीला हातात रोकड असणं अवघड. म्हणून जमवलेला पहिला पैसा साहेबांना न देता खेळतं भांडवल म्हणून बँकेत ठेवा. साहेबांनी निदान दोन वर्षं सल्लागार म्हणून महिन्याला चार फेऱ्या माराव्यात, हेही करारात घाला.

संस्था कुठली काढायची? माझं आयुष्य सहकारात गेलं, तरी तुम्हाला मी खाजगी कंपनी काढा म्हणतो. जुने सहकारी मला हसतील. सहकारी संस्थेत चांगल्या गोष्टी पुष्कळ आहेत: राज्याच्या १९६० च्या सहकारी संस्था कायद्यानं वेगवेगळ्या कुटुंबांतले दहा जण पुरतात, शेअर कितीही असले तरी माणशी एकच मत, नफ्यातला चौथा हिस्सा दरवर्षी राखीव निधीत जातो, लाभांशाला पंधरा टक्क्यांची मर्यादा आहे. पण नोंदणीपासून निवडणुकीपर्यंत प्रत्येक पायरीवर निबंधक कार्यालय, आणि तुमच्या गिऱ्हाइकाला व बँकेला सवय आहे प्रायव्हेट लिमिटेडची. कंपनीत खोट ही की मत शेअरच्या प्रमाणात मिळतं. त्यावर उपाय आहे. २०१५ च्या अधिसूचनेनं खाजगी कंपनीला आपल्या नियमावलीत मतदानाची वेगळी रीत लिहिता येते, म्हणजे माणशी एक मत लिहिता येतं. मात्र वार्षिक विवरणपत्रं वेळेवर भरलेली असली पाहिजेत, नाहीतर ही सवलत गेली. सोबत आणखी एक कलम: नोकरी सोडणाऱ्यानं शेअर आतल्याच माणसाला विकायचा, बाहेर नाही. नाहीतर दहा वर्षांनी कुणीतरी भंगारवाला सात जणांचे शेअर घेऊन दारात उभा राहील. हा मसुदा चांगल्या कंपनी सेक्रेटरीकडून करून घ्या, तयार छापील नियमावली वापरू नका. एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, स्वस्त पडते खरी, पण तिथं तुम्ही भागीदार होता, कामगार राहत नाही, आणि पीएफ-ईएसआयचा गुंता होतो.

कुणी कुणाचं ऐकायचं? मशीन चालू असताना सुपरवायझरचं. सेटिंग बदलायचं की नाही यावर मतदान घ्यायचं नसतं. सभेत मात्र सुपरवायझरचं मत एक आणि झाडूवाल्याचं मत एक. स्पेनच्या बास्क भागात मोंद्रागोन नावाचा सहकारी उद्योगसमूह १९५६ पासून असाच चालतो: कामगार मंडळ निवडतात, मंडळ मॅनेजर नेमतं, मॅनेजर कामाचं बोलतो आणि कामगार त्याचं ऐकतात. त्यांचीही घरगुती उपकरणांची मोठी कंपनी २०१३ मध्ये बुडाली. मतपेटीनं बाजार थांबत नाही. आपल्या घटनेतही १९७६ पासून ४३-अ अनुच्छेद आहे, व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग असावा म्हणून. त्यासाठीचं विधेयक १९९० मध्ये राज्यसभेत मांडलं गेलं, कायदा काही झाला नाही. तेव्हा तुम्ही जे कराल ते तुमच्या नियमावलीच्या बळावर. सगळ्यांत जास्त आणि सगळ्यांत कमी पगारातलं अंतर किती पट, हे पहिल्याच सभेत आकड्यात लिहा. कामावरून काढायचं झालं तर कोण ऐकून घेणार, हेही. हे दोन विषय आधी मिटवले नाहीत तर त्यांवरूनच गट पडतील.

शेवटी ती नऊ पोरं. सात पानांत ती एकदाच आली, 'गुत्तेदाराची नऊ पोरं', आणि पैशाच्या भागाकारात गळाली. सुट्या भागांच्या कडांवरची बर घासून काढणारी, पॅकिंग करणारी, तुमच्यापेक्षा निम्म्या पगारावरची. त्यांतली किती जण तुमच्याच भागातली असतील, ऊसतोडीच्या घरातली? भाऊ, तुमच्या वडिलांना जी गोष्ट बोचते ती कर्जाची तर आहेच, पण मला वाटतं त्यांना आणखी एक भीती आहे, जी ते बोलत नाहीत. चोवीस जण मालक झाले आणि नऊ जण वहीबाहेर राहिले, तर शेडमध्ये चोवीस मुकादम आणि नऊ कोयते एवढंच होईल. नियमावलीत लिहा, एक वर्ष काम केलेल्या प्रत्येकाला सभासद व्हायचा हक्क आहे, शेअरची रक्कम पगारातून थोडी थोडी कापून. तुमच्यातले काही नाखूश होतील. त्यांना होऊ द्या, पण हे कलम मतदानाला टाकू नका, सुरुवातीलाच घाला.

पहिल्या शनिवारच्या सभेला वहिनींना बोलवा, वही कशी वाचतात ते दाखवायला. त्या नाही म्हणतायत ते पीएफला असावं, वहीला त्या नाही म्हणणार नाहीत. आणि मला पुन्हा लिहाल तेव्हा एवढंच कळवा: तुम्ही ताळेबंद मागितल्यावर साहेबांनी तो द्यायला किती दिवस लावले? किमतीचं त्यावरून बोलू.